स्नो प्लाऊचं पातं तुकड्यातुकड्यांचं कसं झालं

बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या पुढचं पातं लांबून बघितलं की एक अखंड लोखंडी फळी वाटते, पण हल्लीच्या चांगल्या प्लाऊपाशी खाली वाकून बघितलं तर लक्षात येतं की जमिनीला टेकणारी कड सलग नाहीचे, छोटे छोटे तुकडे शेजारी शेजारी बसवलेत आणि प्रत्येक तुकडा आपापल्या रबरावर नाहीतर स्प्रिंगवर वर-खाली होतो. हे इतकं उघड वाटतं की पहिल्यापासून असंच का नाही केलं असा प्रश्न पडतो. (मराठीत ह्याला हिमनांगर म्हणता येईल, पण नांगराचं काम जमिनीत घुसायचं आणि ह्याची सगळी कारागिरी जमिनीत न घुसण्यात आहे, म्हणून प्लाऊच म्हणू.)

खरं कारण हे की सुरुवातीला रस्ता उघडा पडावा अशी कोणाची इच्छाच नव्हती. घोडे आणि घसरगाड्यांच्या काळात बर्फ काढायचा नसायचा, दाबायचा असायचा. अमेरिकेच्या ईशान्य भागात घोड्यांनी ओढायचे मोठाले लाकडी रोलर असायचे, ते बर्फ दाबून घट्ट करायचे म्हणजे घसरगाडी छान पळायची, आणि छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर तर बर्फ पडतच नसे म्हणून माणसं लावून आत मुद्दाम बर्फ पसरावा लागायचा! प्लाऊची पेटंटं १८४० च्या दशकात निघाली होती, मिलवॉकी शहरात १८६२ साली घोडागाडीला प्लाऊ लावून गल्ल्या मोकळ्या केल्याची नोंद आहे, पण तो प्लाऊ म्हणजे ढीग बाजूला सारायचं साधन, खाली दोन-चार बोटं बर्फ राहिला तर कुणाची तक्रार नसायची. अशा वेळी जमीन वर-खाली आहे की सपाट, पात्याला काय फरक पडतो.

मग मोटारी आल्या. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटन गावी कार्ल फ्रिंकने मोटारगाडीला लावायचे प्लाऊ बनवायला सुरुवात केली, नॉर्वेत ओव्हरोसेन बंधूंनी १९२३ मध्ये तेच केलं. आता पातं घोड्याच्या चालीने नाही तर इंजिनाच्या जोरावर चाललं होतं आणि पहिली अडचण आली ती ठेच लागायची. मॅनहोलचं झाकण, काँक्रीटचा वर आलेला सांधा, बर्फाखाली लपलेला दगड, काहीही आडवं आलं की धक्का सरळ गाडीच्या चॅसीवर आणि ड्रायव्हरच्या कमरेत.

ह्यावरचा उपाय म्हणजे ट्रिप. ह्यातही दोन घराणी आहेत. एकात अडथळा लागला की अख्खं पातं स्प्रिंग ताणून पुढे झुकतं, खालची कड मागे जाते आणि अडथळा निघून गेला की स्प्रिंग पातं परत जागेवर खेचते. दुसऱ्यात पातं ताठच राहतं, फक्त खालची वीतभर पट्टी बिजागरीवर मागे दुमडते, त्यामुळे समोर साठलेला बर्फ सांडत नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मेन राज्यात सुरू झालेली फिशर कंपनी ह्या दुसऱ्या प्रकारामुळे ओळखली जाते. कोणतं बरं ह्यावर प्लाऊवाले आजही भांडतात आणि माझ्या मते ते भांडण मूळ मुद्द्याच्या बाहेरचं आहे, कारण ट्रिप म्हणजे धक्का चुकवायची सोय, जमिनीच्या चढउताराशी जुळवून घेणं नव्हे. पूर्ण रुंदीची कड एका बाजूच्या बारक्या दगडासाठी सगळीच्या सगळी उचलली जायची.

खरी कलाटणी मिळाली ती मिठामुळे. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने बर्फ वितळवायला सरसकट रस्त्यांवर मीठ टाकायचं ठरवलं, आणि युद्ध संपल्यावर लोकांना हिवाळ्यातही काळाभोर रस्ता हवासा झाला. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास वर्षाला दहा लाख टन मीठ लागत होतं, ते पंधरा वर्षांच्या आत जवळजवळ एक कोटी टनांवर गेलं. आता पात्याने खाली सोडलेला प्रत्येक बोटभर बर्फ मिठाने वितळवायचा म्हणजे पैसे वाहून जाणार, शिवाय गाड्या गंजणार, झाडं आणि विहिरी बिघडणार. म्हणजे पात्याला पहिल्यांदाच रस्त्याला खरोखर टेकायला सांगितलं गेलं, आणि टेकायला गेल्यावर कळलं की रस्ता सपाट नाहीच.

इथे जरा हिशोब करून बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मध्ये उंटासारखी पाठ दिलेली असते, साधारण दोन टक्के उतार दोन्ही बाजूंना. तीन मीटरचं सरळ पातं त्या पाठीवर बरोबर मध्ये ठेवलं तर दोन्ही टोकं तीन तीन सेंटीमीटर हवेत. एका बाजूच्या उतारावर असेल तर पातं मधल्या खिळीवर कलतं, हायड्रॉलिक फ्लोटवर, म्हणजे उचलणारा दाब काढून मोकळं सोडलं की स्वतःच्या वजनाने बसतं, तिथपर्यंत ठीक. पण चाकोऱ्यांचं काय? चाकोरी हा शब्द आपण रुळलेल्या आयुष्यासाठी वापरून वापरून त्याचा मूळ अर्थ विसरलो, इथे तो शब्दशः आहे. १९६० च्या दशकापासून उत्तर युरोपात खिळे लावलेले हिवाळी टायर पसरले, त्या खिळ्यांनी डांबर खाऊन चाकांच्या रेषेत लांबच लांब खाचा पाडल्या. सरळ पातं दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर चढून बसतं आणि नेमकं जिथे टायर जाणार तिथेच चिखलासारखा ओला बर्फ ठेवून जातं!

एवढं सगळं होईस्तोवर मधेच टंगस्टन कार्बाइड हे अतिशय कडक द्रव्य आलं. हे मुळात जर्मनीतलं, १९२० च्या दशकात दिव्यांची तार ओढायच्या साच्यांसाठी शोधलेलं, क्रुप कंपनीने ते १९२६ पासून हत्यारांसाठी विदिया नावाने विकलं, हिऱ्यासारखं अशा अर्थाचं नाव. पुढे ते प्लाऊच्या कडेत बसवलं तेव्हा कड साध्या पोलादाच्या कितीतरी पट टिकू लागली, पण कार्बाइड कडक तितकंच ठिसूळ, ठेच लागली की टवका उडतो. उलट टोकाला रबराची कड, ती जमिनीवर छान लोळते पण घट्ट बसलेल्या बर्फाला ओरखडाही काढत नाही, आणि पॉलीयुरेथेन हे चिवट प्लास्टिक ह्या दोन्हींच्या मधलं, विमानतळावर धावपट्टीतले दिवे फुटू नयेत म्हणून अशाच मऊ कडा लावतात.

तर कडक आणि मऊ मालाच्या ह्या भांडणातून तुकड्यांची कल्पना वर आली असं मला वाटतं, आकाराच्या विचारातून नाही तर मालाच्या विचारातून. कार्बाइडचे लहान लहान तुकडे रबरात गाडायचे, म्हणजे घासायला कार्बाइड आणि धक्का खायला रबर, आणि तुकडे वेगळे असल्यामुळे कड आपोआप रस्त्याच्या आकाराप्रमाणे थोडी लवते. जोमा नावाने येणाऱ्या कडा ह्याच जातीच्या. आवाज आणि थरथर कमी झाली हे ड्रायव्हर लोकांना आधी आवडलं, चाकोऱ्या साफ होतात हा फायदा वर मिळाला. पार्किंगच्या जागा साफ करणाऱ्या पेटीसारख्या पुशर प्लाऊंमध्ये तर नुसती कडच नाही, अख्खं पातंच उभ्या भागांमध्ये कापलं, प्रत्येक भाग पॉलीयुरेथेनच्या ठोकळ्यांवर आपला आपला सरकतो, एक भाग गतिरोधकावर चढला तरी शेजारचे खालीच राहतात.

तरी एकाच कडेने सगळं होत नाही हेही दिसलंच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २०१० च्या आसपास एकाच प्लाऊवर तीन पाती लावून बघितली, पुढे लवचिक कड, मध्ये बर्फ खरवडायला दातेरी आणि मागे गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखी रबरी पट्टी. ह्या मागच्या पट्टीचं काम फक्त चाकोरीत उरलेलं पाणी आणि चिखल ओढून नेणं, कारण तो तसाच राहिला तर रात्री गोठतो आणि वर टाकलेलं मीठ त्यातच पातळ होऊन वाया जातं. पण तीन पाती म्हणजे तेवढं वजन पुढच्या अॅक्सलवर, झिजणाऱ्या कडाही तिप्पट. आणि तुकडे म्हटले की मधल्या फटी आल्या, फटीत ओला बर्फ शिरून गोठला की वर-खाली व्हायचे तुकडे एकमेकांना चिकटून पुन्हा एक अखंड फळी होते, गाडी काही वेळ उबदार शेडमध्ये उभी राहीपर्यंत.