भूल द्यायला शिकण्याआधीची शाळा: अमेरिकेतल्या तयारी वर्गांची पार्श्वभूमी

अमेरिकेत आयसीयूतली ड्यूटी संपवून घरी आलेल्या अनेक परिचारिका रात्री पुन्हा अभ्यासाला बसतात. त्यांना भूलशास्त्राच्या डॉक्टरेटला प्रवेश हवा असतो. त्यासाठी रसायनशास्त्राची उजळणी, प्रवेश-निवेदनाची तपासणी आणि मुलाखतीची रंगीत तालीम करून घेणारे तयारी वर्ग आज तिथे रुजले आहेत. आपल्याकडे भूलतज्ज्ञ म्हणजे डॉक्टरच, त्यामुळे मराठी वाचकाला हे सगळं अपरिचित वाटेल. तिथे मात्र परिचारिका जवळपास दीडशे वर्षं भूल देत आल्या आहेत.

१८४६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर हुंगवून भूल देण्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. पण ईथर द्यायचं कुणी? बहुतेक वेळा हे काम एखाद्या शिकाऊ डॉक्टरवर येई आणि त्याचं अर्धं लक्ष शस्त्रक्रियेकडे असे. रोग्याच्या श्वासावरून नजर न हटवणारं माणूस सर्जनांना हवं होतं. ते त्यांना परिचारिकांमध्ये सापडलं. नोंदींत सापडणारं पहिलं नाव सिस्टर मेरी बर्नार्ड यांचं, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी इथल्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलमधलं, साल १८७७. पुढे मिनेसोटात मेयो बंधू या सर्जनांच्या सोबत काम करणाऱ्या परिचारिका ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये १४,००० हून अधिक भुलींचा अहवाल छापला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. त्या काळातली साधनं डोळ्यांसमोर आणली की या कामगिरीपुढे हात जोडावेसे वाटतात.

मॅगॉ यांच्या पिढीला प्रवेश परीक्षा नव्हती. सर्जन निवड करत, जुनी परिचारिका शिकवी आणि टेबलाशेजारी उभं राहून हात तयार होई. १९०९ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंड इथे ॲग्नेस मॅगी यांनी पहिला रीतसर अभ्यासक्रम सुरू केला. तो काही महिन्यांचाच होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या जखमींना भूल देऊन परतलेल्या अगाथा हॉजिन्स यांनी १९१५ मध्ये क्लीव्हलंडच्या लेकसाइड हॉस्पिटलमध्ये शाळा काढली. डॉक्टरांचा विरोधही होताच. १९१७ मध्ये केंटकीत आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही निकाल परिचारिकांच्या बाजूने लागले. त्याआधीच, १९३१ मध्ये, हॉजिन्स यांच्या पुढाकाराने भूल देणाऱ्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती.

माझ्या मते, आजच्या तयारी वर्गांचं मूळ या संघटनेने पुढे वाढवत नेलेल्या पात्रतेत आहे. १९४५ मध्ये प्रमाणपत्र परीक्षा आली, १९५२ मध्ये शाळांना मान्यता देण्याची व्यवस्था झाली. १९९८ पर्यंत सगळे अभ्यासक्रम पदव्युत्तर झाले. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, आणि ती किमान ३६ महिन्यांची असते. त्या काळात नोकरी करणं जवळजवळ अशक्य. प्रवेशाआधी अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम हवं, आणि प्रत्यक्षात अनेकांचा अनुभव त्याहून जास्त असतो. त्यात सीसीआरएन ही अतिदक्षतेतल्या परिचारिकांची प्रमाणपत्र परीक्षा, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्या परिचारिकेबरोबर उभं राहून केलेलं निरीक्षण आणि शिफारसपत्रं यांची भर पडते. काही ठिकाणी विज्ञानाचे विषय जुने झाले असतील तर पुन्हा करावे लागतात. मुलाखतीत एखादी समिती व्हेंटिलेटर आणि रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांवर उलटसुलट प्रश्न विचारते, तर दुसरी सहकाऱ्याशी झालेला वाद कसा मिटवला एवढंच विचारते.

या गोष्टी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात, त्या ओळखीतून कळतात. ओळखी कुणाकडे असतात, हा या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग आहे. कृष्णवर्णीय परिचारिकांना आणि पुरुषांना संघटनेची दारं १९४०च्या दशकात उघडली. गोल्डी ब्रँगमन यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. १९५८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये चाकूहल्ला झाला, तेव्हा त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या हार्लेम हॉस्पिटलच्या चमूत त्या होत्या. त्याच हॉस्पिटलमध्ये त्यांनी भूलशास्त्राची शाळा चालवली आणि १९७०च्या दशकात त्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. तरीही भूलशास्त्राच्या वर्गांतली विविधता फार हळू वाढली. भूल देणाऱ्या परिचारिका वॉलेना गूल्ड यांनी २००० नंतरच्या दशकात सुरू केलेला मार्गदर्शन उपक्रम याच उणिवेतून जन्मला. ज्यांच्या घरात किंवा वॉर्डात या व्यवसायातलं कुणीच नाही, त्यांना आधीच आत पोचलेल्यांशी जोडून देणं हा त्याचा गाभा. शुल्क घेणारे ऑनलाइन वर्गही बऱ्याच अंशी हेच विकतात. म्हणूनच अशा वर्गाकडे पाहताना मी आधी विचारेन, की शिकवणाऱ्यांनी स्वतः हे काम केलं आहे का, आणि ते आयसीयूतल्या समजेवर भर देतात की पाठ करायच्या उत्तरांवर?

इथून तिकडे जाणाऱ्या मराठी परिचारिकांनी एक नियम लक्षात ठेवायला हवा. एनसीएलईएक्स ही अमेरिकेतली परिचारिकांची परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळाला, तरी मुंबई-पुण्यातल्या आयसीयूत काढलेली वर्षं या प्रवेशासाठी धरली जात नाहीत. अतिदक्षतेतला तो अनुभव अमेरिकी रुग्णालयातलाच लागतो.