बॉनेटखालचा हायड्रोजन आणि ॲव्हरेजचा हिशेब

गाडीतच वीज वापरून पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन करून तो इंजिनात सोडणारं 'एचएचओ किट' म्हणून जे विकलं जातं, त्यात फारसं गूढ काही नसतं. स्टेनलेस स्टीलचे सात पत्रे, मधे रबरी गॅस्केट, सगळं बोल्टांनी आवळून केलेला एक ठोकळा. शेजारी कॉस्टिक पोटॅश घातलेल्या पाण्याची टाकी, पुढे बबलर (वायू पाण्यातून गाळून जाऊ देणारी बाटली), एक रिले (किटची वीज चालू-बंद करणारा स्विच), 30 अँपिअरचा फ्यूज आणि एअर फिल्टरच्या नळीत सोडलेला पारदर्शक पाइप. गाडी सुरू केली की पाइपातून बुडबुडे धावताना दिसतात, आणि तिथेच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. पणजी-मडगाव रोज ये-जा करणाऱ्याला पाण्यावर ॲव्हरेज वाढणार असेल तर मोह होणारच. वायू तयार होतो हे खरं आहे. पण किती होतो आणि केवढ्याला पडतो, ते मोजून बघू.

सात पत्रे म्हणजे सहा फटी. चालू इंजिनात 13.8 व्होल्ट मिळतात, म्हणजे प्रत्येक फटीला 2.3 व्होल्ट. पाणी फोडायला कागदावर 1.23 व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात दोनच्या आसपास लागतात. तेव्हा मांडणी बरोबर आहे. एक अँपिअर प्रवाह एका फटीत तासाला सुमारे 0.63 लिटर मिश्र वायू देतो. 20 अँपिअर आणि सहा फटी धरल्या तर तासाला 75 लिटर, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटर. यात दोन तृतीयांश हायड्रोजन. त्याचं वजन भरतं साडेचार ग्रॅम, आणि तो जाळून मिळतात 0.54 मेगाज्यूल.

आता पेट्रोल. लिटरमागे साधारण 32 मेगाज्यूल. ताशी 54 किलोमीटरने जाणारी, 18 चं ॲव्हरेज देणारी गाडी तासाला तीन लिटर, म्हणजे 96 मेगाज्यूल पिते. त्यात किटचा वाटा अर्ध्या टक्क्याहून जेमतेम जास्त.

तोही फुकट मिळत नाही. 13.8 व्होल्ट गुणिले 20 अँपिअर म्हणजे 276 वॅट वीज. गाडीतला अल्टरनेटर साधारण 55 टक्के कार्यक्षम धरला तर त्याला पट्ट्यावरून 500 वॅट ओढावे लागतात, आणि इंजिन 30 टक्के कार्यक्षम धरलं तर त्यासाठी सुमारे 1,670 वॅटचं पेट्रोल जळतं. बदल्यात हायड्रोजनमधून परत येतात 150 वॅट. 'अल्टरनेटर तसाही फिरतोच' असं उत्तर यावर हमखास मिळतं. इंजिन आयडलवर ठेवून हेडलाइट लावा आणि मागची काच तापवायचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि मग सावरतो. विजेचा भार वाढला की पट्टा जड होतो, आणि इंजिन त्याची किंमत पेट्रोलने चुकवतं.

दुसरा युक्तिवाद जास्त दमदार आहे. हायड्रोजन इंधन म्हणून मोजू नका, तो पेट्रोल नीट जळायला मदत करतो, असं म्हणतात. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा कितीतरी वेगाने पसरते आणि त्याला पेटायला लागणारी ठिणगीही पेट्रोलच्या दहाव्या हिश्शाहून कमी ऊर्जेची पुरते. प्रयोगशाळेत याचा उपयोग होतो, पण तो मिश्रण पातळ ठेवून, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा बरीच जास्त घालून. आपल्या पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू निवळणारा डबा) मात्र एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा या प्रमाणावरच नीट काम करतो, आणि ऑक्सिजन सेन्सर इंजिनाला त्या प्रमाणाला बांधून ठेवतो. शिवाय 1,200 सीसीचं इंजिन दोन हजार आरपीएमला अर्ध्या दाबलेल्या ॲक्सिलरेटरवरही मिनिटाला चार-पाचशे लिटर हवा ओढतं. त्यात सव्वा लिटर वायू म्हणजे पाव टक्का. इतक्या चिमूटभराने ज्योतीचा वेग बदलत नाही.

म्हणून काही किटांसोबत एक छोटी 'चिप' देतात. ती ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल ढळवते आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडू लागतो. ॲव्हरेज थोडं वाढलंच तर ते या चिपमुळे, आणि त्याबरोबर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, घाटात गाडी धक्के देते, कन्व्हर्टर निकामी होण्याची वाट धरतो.

बिघाडांची यादी आमच्या हवेत जरा लांबच आहे. कॉस्टिकचं पाणी तापलं की जास्त वीज वाहून नेतं. सुरुवातीला 15 अँपिअर घेणारा ठोकळा तासाभराने 30 च्या वर जातो आणि जास्त प्रवाहाने आणखी तापतो. फ्यूज उडाला तर नशीब. कुणी 'सारखा उडतो' म्हणून मोठा बसवला असेल तर वायर वितळते. कॉस्टिकचे तुषार पाइपातून ॲल्युमिनियमच्या थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंत) पोचले की तिला खातात. पोटॅशऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन निघतो. पाणी पिवळसर-तपकिरी झालं असेल तर स्टीलमधलं क्रोमियम सुटतंय असं समजा. त्यात षट्संयुजी क्रोमियम असू शकतं आणि ते कर्करोगकारक आहे. असं पाणी परसात, माडाच्या आळ्यात कधीही ओतू नका.

सगळ्यात धोक्याची जागा रिले. समजा, रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघताय. इंजिन बंद, पण गाणी ऐकायला चावी 'ऑन'वर. किट चावीच्या लाइनवर जोडलेलं असेल तर ते वायू बनवतच राहतं, आणि ओढून घ्यायला इंजिन चालू नसल्यामुळे तो एअर फिल्टरच्या डब्यात साठतो. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळायला लागतं नेमकं त्याच प्रमाणात असतात. फेरी लागली, स्टार्टर मारला आणि इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) एक बॅकफायर झाला, म्हणजे ज्योत उलटी आली, की फिल्टरचा डबा फुटतो. किट आधीच बसवलेलं असेल तर निदान एवढं करा: रिले ऑइल प्रेशर स्विचवरून किंवा फ्युएल पंपाच्या अशा लाइनवरून घ्या, जी इंजिन थांबताच बंद होते. बबलरमधलं पाणी रोज बघा. खरं तर काढून टाकणंच शहाणपणाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि आग लागली तर विम्याचा दावा अडकू शकतो.

'पण आमचं ॲव्हरेज वाढलं' असं म्हणणाऱ्याला खोटं ठरवायचं कारण नाही. किट बसवताना बहुतेकदा प्लग आणि फिल्टरही बदललेले असतात, आणि नंतर चालवणाऱ्याचा पाय आपोआप हलका पडतो. शिवाय मोजणी कच्ची असते. 30 लिटर भरताना एका लिटरचा फरक पडला की तीन टक्क्यांची चूक झालीच. नीट मोजायचं तर एकच पंप, तीच नळी, गाडी त्याच जागी, आणि पहिल्या 'टक'ला भरणं थांबवायचं. असे तीन टँक किटशिवाय, तीन किटसह आणि पुन्हा तीन किटशिवाय. टायरमधली हवा प्रत्येक वेळी सारखी. तिसऱ्या फेरीत ॲव्हरेज पहिल्याइतकं खाली आलं नाही, तर वाढ किटमुळे नव्हती.

हीच मेहनत दुसरीकडे केली तर पैसे वाचतात. टायरमध्ये एक पीएसआय हवा कमी असली की साधारण 0.2 टक्के इंधन जास्त लागतं. 33 ऐवजी 25 वर चालणारी गाडी दीड टक्क्याहून जास्त घालवते, म्हणजे किटमधला सगळा हायड्रोजन फुकट मिळाला असता तरी त्याच्या तिप्पट. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. नव्या झुआरी पुलाकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर 80 चे 100 केले की हवेचा रोध दीडपटीहून वाढतो. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी त्यात भर घालतो. चतुर्थीचं सामान उतरलं की तोही उतरवा. फेरीच्या रांगेत एसी लावून उभी गाडी तासाला लिटरभर पिऊ शकते.

चोर्ला घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची सवय तर अगदी उलटी आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलसाठी पेट्रोल जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने ॲव्हरेज घटतं, ही तक्रार वाजवी आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे 21 मेगाज्यूलच असतात, म्हणून 20 टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी घटते. जास्त ऑक्टेनचा फायदा उठवेल असं इंजिन असलं तर त्यातलं थोडं भरून निघतं. आमच्याकडे दुसराच प्रश्न आहे. घरचा तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) सहा-सहा महिने बोटीवर आणि गाडी पोर्चमध्ये उभी. इथेनॉल हवेतलं बाष्प शोषतं आणि पाणी पुरेसं जमलं की ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं. नेमकं तिथूनच पंप इंधन ओढतो. लांब जाताना टाकी काठोकाठ भरून ठेवावी. वर हवेला जागा उरली नाही की बाष्पही कमी शिरतं.

इंजिनाच्या रचनेतूनच मोठी झेप हवी असेल तर ती स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी-मोटरवरही चालणाऱ्या गाडीत आहे. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची प्रमाणित चाचणीतली नोंद लिटरला 27.97 किलोमीटर आहे. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि पर्वरीच्या कोंडीत इंजिन बराच वेळ बंदच असतं.

हायड्रोजनला स्वतःची जागा आहे, फक्त तो बाहेर बनवून आणायला हवा. दिल्लीच्या राजघाट डेपोत 2020 साली 18 टक्के हायड्रोजन असलेल्या सीएनजीवर बस चालवण्याची चाचणी सुरू झाली. टोयोटा मिराई टाकीत 700 बार दाबाने 5.6 किलो हायड्रोजन भरते आणि फ्युएल सेलमधून त्याची वीज करते. पण पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते आणि त्यावर मोटार शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर छोटी इलेक्ट्रिक गाडी तीनशेच्या वर जाते. बॅटरी फार जड पडते आणि मार्ग ठरलेला असतो, तिथे मात्र हायड्रोजनचा हिशेब बदलू शकतो. कोचीच्या गोदीत बांधलेल्या फ्युएल सेलवरच्या फेरीचं उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झालं. तिची टाकी, दाब आणि गळती शोधणारे सेन्सर बांधणीच्या वेळीच आराखड्यात बसवलेले आहेत.