भोंग्याला ऐकू आलेलं गाणं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ग्रामोफोनची तबकडी हाती लागली, तर गाण्याचं नाव वाचण्याआधी ती उलटी करून पाहावी. पाठ कोरी असेल, किंवा तिच्यावर चकतीवर बसून पिसाच्या लेखणीने लिहिणारा देवदूत उठवलेला असेल, तर ती एकेरी तबकडी. गाणं एकाच बाजूला. आपल्या गोव्यात जुन्या घरांतल्या पेट्यांतून अशा तबकड्या कधीमधी निघतात. ऐकणारे बहुतेक जण एवढंच म्हणतात, "त्या काळी बायका नाकात गायच्या." हा त्या गायिकांवर अन्याय आहे. तबकडीवर उतरलेलं गाणं म्हणजे त्या गायल्या ते सगळं नव्हे. भोंग्याला त्यातलं जेवढं ऐकू आलं, तेवढंच तिच्यावर आहे.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग 1902 मध्ये ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कोलकात्यात उतरला. या सामानात मायक्रोफोन नव्हता आणि वीजही नव्हती. गायिका भोंग्याच्या तोंडाशी गात असे, भोंग्याच्या अरुंद टोकाला बसवलेला पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर नागमोडी रेघ कोरत जाई. रेघ कोरायला लागणारी सगळी शक्ती गळ्यातून यायची. दबक्या आवाजात गायलं तर रेघच उमटत नसे. तार षड्जाला आवाज उसळला तर सुई शेजारच्या रेघेत घुसे, म्हणून त्या क्षणी डोकं मागे घ्यावं लागे. मेणावरची ही मुद्रणं बोटीने जर्मनीतल्या हॅनोवरला जात. तिथे त्यांवरून धातूचे साचे बनत आणि साच्यांवरून तबकड्या दाबल्या जात. कोलकात्यातल्या सियालदहचा तबकड्यांचा कारखाना 1908 मध्ये सुरू होईपर्यंत आपलं गाणं असं समुद्रापार जाऊन परत येत होतं. मुद्रणाच्या शेवटी "माय नेम इज गौहरजान" असं गायिकेनेच सांगण्याची पद्धत पडली, ती हॅनोवरच्या कामगारांसाठी. कुठल्या मेणावर कोण आहे, हे त्यांना त्यावरून कळे.

भोंगा आणि पडदा यांना साधारण 200 ते 2500 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढाच पट्टा नीट पकडता येई. निरोगी तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे खालून डग्ग्याचा घुमारा गेला आणि वरून 'स', 'श'ची शीळ गेली. जुन्या तबकडीवर बंदिशीचे शब्द कळत नाहीत, याचं मोठं कारण हे आहे. गायिकेचा उच्चार बहुधा स्वच्छच असतो.

पुरुषांच्या आवाजात तर याहून नवलाची गोष्ट घडते. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, म्हणजे त्या पट्ट्याच्या खालचा. मूळ कंपन तबकडीवर जवळजवळ नसतंच. तरी आपल्याला षड्ज ऐकू येतो. त्याचं कारण, 278, 417, 556 अशी त्याची वरची पटीतली कंपनं उतरलेली असतात, आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू हरवलेला पाया स्वतः भरून काढतो. स्वर कळतो, पण आवाजाचं वजन जातं. जो आवाज चपटा वाटतो, तो मैफलीत तसा नव्हता.

या यंत्राला मानवले कोण? मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारे: मैफलीतल्या पेशेवर गायिका आणि नाटकातले गायक. गौहरजान, जानकीबाई अलाहाबादवाली, झोहराबाई आग्रेवाली ही त्या सुरुवातीच्या वर्षांतली घरोघर पोचलेली नावं. आपल्याकडच्या देवळांच्या सभामंडपांत आणि उत्सवातल्या नाटकांत घडलेले गळे याच जातीचे होते. त्यांची वेळ मात्र जरा उशिरा आली. गाइसबर्ग आला तेव्हा केरीच्या केसरबाई दहा वर्षांच्या होत्या, मंगेशीचे दीनानाथ दोन वर्षांचे, आणि कुर्डीच्या मोगूबाईंचा जन्म व्हायचा होता. ओडिऑन कंपनीने 1904 मध्ये दुहेरी तबकड्या बाजारात आणल्या होत्या. आपली ही माणसं गाऊ लागली तोवर एकेरींचा जमाना सरला होता. विजेवरचं मुद्रण 1925 पासून आलं आणि पट्टा पाच हजार हर्ट्झपर्यंत रुंदावला. एका बाजूची लांबी मात्र तीच, तीन-साडेतीन मिनिटांची राहिली. 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेली केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची आहे, ती त्या लांबीमुळेच.

या लांबीत ख्याल बसवणं म्हणजे काय, याचा विचार मला नेहमी थक्क करतो. दहा इंची तबकडी तीन मिनिटांत दोनशे तीस-चाळीस वळसे घेते. बाहेरच्या वळशात सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर रेघ सरकते, तर आतल्या, लेबलाजवळच्या वळशात जेमतेम चाळीस सेंटिमीटर. तेवढ्याच कंपनांना आत निम्म्याहून कमी जागा मिळते, आणि झिजलेल्या सुईला ती बारीक वळणं घेता येत नाहीत. द्रुत ताना शेवटी येतात, म्हणजे नेमक्या या कोंदट जागी. एकेरी तबकडी ऐकताना शेवटचं अर्धं मिनिट म्हणूनच मन लावून, पुन्हा पुन्हा ऐकावं.

आणि वेग तपासावा. मिनिटाला 78 फेऱ्यांचं प्रमाण पुढे ठरलं. सुरुवातीच्या तबकड्या त्याहून कमी-जास्त वेगाने कोरलेल्या असत. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. 78 ची तबकडी 83 च्या आसपास फिरवली, तर काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं, ताना उगाच घाईच्या होतात आणि आवाज पातळ. शेजारी हार्मोनियम घेऊन बसावं, वेग थोडा थोडा बदलावा, आणि आवाज माणसाचा वाटू लागेल तिथे थांबावं.

या तबकड्या लाखेच्या: किड्याने झाडावर सोडलेल्या राळेत दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली. पूड मुद्दाम घालत, पोलादी सुई घासून रेघेच्या मापाची व्हावी म्हणून. त्यामुळे दर बाजूला सुई नवी लागते. जुनीच सुई वापरली तर गाणं खरवडून निघतं. आपले सुतार लाकडाच्या पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात. चपडा म्हणजे तीच लाख, त्यामुळे तबकडी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसली तर रेघा कायमच्या जातात. गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी येणारच. ती मऊ ब्रशने झाडावी, फार झाल्यास साध्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने रेघांच्या दिशेने पुसावं आणि लगेच कोरडं करावं. कौलांखालच्या माळ्यावर तबकड्या ठेवू नयेत, कारण मे महिन्यातल्या उष्म्यात त्या वाकतात. ठेवायच्या त्या उभ्या, एकमेकींवर भार न देता. आणि वाजवण्याआधी लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला आकडा लिहून घ्यावा. मुद्रण कोणत्या बैठकीतलं आणि कधीचं, हे जाणकाराला त्यावरून शोधता येतं, लेबल फाटलेलं असलं तरी.