कॅलिफोर्नियात इन्शुरन्स कमिशनरला लोक मत का देतात?

जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगींनंतर रिकार्डो लारा हे नाव सारखं बातम्यांत येऊ लागलं (ते तेव्हाचे कॅलिफोर्नियाचे इन्शुरन्स कमिशनर, म्हणजे राज्यातल्या विमा कंपन्यांवर नजर ठेवणारे अधिकारी), आणि बे एरियातल्या आपल्या लोकांनाही घराचा विमा मिळेना झालाय म्हणून ते चांगलंच माहीत झालंय. पण या पदावरचा माणूस लोकांच्या मतांनी का निवडतात हे कळायला १९८८ मध्ये जावं लागतं.

तोपर्यंत कमिशनर गव्हर्नर नेमायचा आणि गाडीच्या विम्याचे रेट कंपन्या जवळपास मनासारखे वाढवायच्या, आधी परवानगी वगैरे काही नाही. लोक वैतागले. ग्राहकांसाठी लढणाऱ्या हार्वी रोझेनफिल्डच्या ग्रुपनं प्रपोझिशन १०३ (लोकांनी थेट मत देऊन ठरवायचा कायद्याचा प्रस्ताव) आणलं, ते पाडायला कंपन्यांनी ६ कोटी डॉलरहून जास्त ओतले, त्याच मतपत्रिकेवर इन्शुरन्सचे आणखी चार प्रस्ताव होते, आणि पाचांपैकी पास झालं ते फक्त १०३, तेही जेमतेम ५१ टक्क्यांनी! त्यात २० टक्के रेट कपात होती, वाढवायच्या आधी मंजुरी घ्यायची अट होती, आणि कमिशनर लोकांनी निवडायचा. कंपन्या कोर्टात गेल्या, १९८९ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं कायदा बराचसा टिकवला, पण कंपनीला वाजवी नफा मिळाला पाहिजे असं सांगितलं, त्यामुळे कपातीचे पैसे लोकांच्या हातात पडायला वर्षं गेली.

पहिले निवडून आले जॉन गॅरमेंडी, १९९० ला. त्यांच्यानंतर चक क्वॅकेनबुश, आणि इथे खरं दुखतं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाचे क्लेम नीट दिले नाहीत म्हणून ज्या कंपन्यांना जबर दंड व्हायला हवा होता त्यांच्याशी तडजोड करून पैसे वळवले गेले त्यांच्याच खात्यानं उभ्या केलेल्या फाउंडेशनकडे, आणि त्यातून टीव्हीवर जाहिराती लागल्या ज्यात स्वतः कमिशनर! ज्यांची घरं पडली त्यांना यातलं काय मिळालं? महाभियोगाची चर्चा सुरू झाली तसा जून २००० मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. मधे हॅरी लो नेमले गेले, मग परत गॅरमेंडी, पुढे पॉयझनर, जोन्स.

लारा २०१८ ला विमा कंपन्यांचे पैसे घेणार नाही म्हणून निवडून आले, पुढच्याच वर्षी असे पैसे घेतल्याचं बाहेर आलं, ते परत करावे लागले. म्हणजे खुर्ची मतावर आली तरी कंपन्यांचा पैसा प्रचारातून आत शिरतोच, माझ्या मते १०३ मधलं खरं दमदार कलम रेटच्या मंजुरीचं आहे, निवडणुकीचं नाही, आणि आज कंपन्यांचा रागही त्याच कलमावर आहे. अशी निवडणूक घेणारी अमेरिकेत ११ राज्यं आहेत, बाकी बहुतेक ठिकाणी नेमणूकच.