‘नोटा’ला जास्त मते पडली तर फेरनिवडणूक होते?

‘नोटाला (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) सर्वाधिक मते मिळाली की निवडणूक रद्द होते आणि सगळे उमेदवार बाद होतात’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. सगळ्याच पक्षांना कंटाळलेल्या लातूर-परभणीच्या मतदाराला तो पटणे साहजिक आहे. पण लोकसभा-विधानसभेला तसा नियम नाही.

समजा 1,00,000 मते पडली. नोटा 40,000, पहिला उमेदवार 30,000, दुसरा 21,000, तिसरा 9,000. तरी 30,000 वालाच निवडून येतो. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, आणि त्या वैध मतांत नोटा धरतच नाहीत. म्हणून हिशोब 60,000 वर होतो: 10,000. इथे फक्त तिसऱ्याची अनामत जाते.

गोंधळाचे एक कारण आपल्याकडचेच आहे. महाराष्ट्रात महापालिका-नगरपालिकांसाठी 2018 मध्ये फेरनिवडणुकीची तरतूद झाली. तिथेही उमेदवारांवर बंदी नाही. फेरमतदानात पुन्हा नोटा पुढे राहिला, तर सर्वाधिक मतांचा उमेदवारच विजयी.

पडताळायचे असेल तर आपल्या मतदारसंघाचा ‘फॉर्म 20’ (अंतिम निकालपत्रक) उघडा. केंद्रनिहाय आकड्यांत वैध मतांची बेरीज आणि नोटा वेगवेगळ्या रकान्यांत दिसतील. नाराजी तिथे नोंदली जाते, हेही खरेच.