सुशी

सुशी हा जपानी पदार्थ. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात हा त्याचा पाया. त्याच्या जोडीला मासा, अंडे, भाजी, समुद्री शेवाळ यांपैकी काहीही येते. सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे, पण तो चुकीचा आहे. भाताविना वाढलेल्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. ‘सुशी’ हा शब्दच मुळी ‘आंबट’ अशा अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणावरून आला. भात बिघडला तर उत्तमातला उत्तम मासाही सुशीला वाचवू शकत नाही.

मुळात ही मासे टिकवण्याची युक्ती होती. खारवलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवत. भात आंबे, त्या आंबटपणामुळे मासा टिके आणि खाताना भात टाकून देत. जपानातल्या बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी नावाची सुशी आजही अशीच मुरवतात. तिचा वास उग्र, आणि ज्याला ती आवडते त्याला फारच आवडते. पुढे लोक आंबूस भातही खाऊ लागले. मग आंबण्याची वाट पाहण्याऐवजी भाताला सरळ व्हिनेगर लावण्याची रीत पडली.

आज जगभर ओळखीची असलेली निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुळली. तिचे श्रेय बहुधा हानाया योहेई (1799–1858) याला देतात. ती गाडीवर उभ्या उभ्या खायची, घाईतल्या माणसाची गोष्ट होती, आणि तिचा घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे. 1923 च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले अनेक कारागीर आपापल्या गावी परतले आणि निगिरी देशभर पसरली.

निगिरी म्हणजे मुठीत दाबलेले. आपला ‘मुटका’ हा शब्द तिला चपखल बसतो. आखूड दाण्याचा भात गरम असतानाच पसरट लाकडी भांड्यात काढतात, वरून व्हिनेगरचे मिश्रण शिंपडतात आणि भातवाढी आडवी न फिरवता कापल्यासारखी चालवतात, म्हणजे दाणा मोडत नाही. सोबत पंख्याने वारा घालतात. दाण्यांवर चकाकी येते. मग ओल्या हाताने छोटा गोळा घेऊन, माशाच्या कापाला वासाबीचे, म्हणजे झणझणीत हिरव्या चटणीचे, बोट लावून, दोन-तीन हलक्या दाबांत घास तयार. भात अंगाइतका कोमट असावा आणि घास हातात टिकून तोंडात सुटावा. एवढ्यासाठी कारागीर वर्षानुवर्षे हात घडवतात.

निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. सोया सॉसमध्ये माशाची बाजू बुडवावी; भात बुडवला की तो सॉस पिऊन विस्कटतो. मुरवलेल्या आल्याचे काप, म्हणजे गारी, दोन घासांच्या मध्ये जीभ स्वच्छ करायला असतात, सुशीवर ठेवायला नव्हे.

जपानी घरात मात्र निगिरी क्वचितच वळली जाते. 3 मार्चला, मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, पसरट भांड्यात भातावर मासा, अंडे, भाज्या पसरून सजवलेली चिराशी होते. पाहुणे आले की मधोमध भात, शेवाळाचे कागद आणि सारणाच्या चार-सहा वाट्या मांडतात आणि ज्याने त्याने आपली तेमाकी, म्हणजे हाताने वळलेली सुरळी, गुंडाळायची. गप्पा आणि जेवण एकदमच रंगते. बाहेर खायचे तर फिरत्या पट्ट्यावरची सुशी आहे. योशिआकी शिराइशी यांनी बिअरच्या कारखान्यातल्या पट्ट्यावरून कल्पना घेऊन 1958 मध्ये ओसाकाजवळ असे पहिले दुकान काढले आणि बेतास बात कमाई असलेल्या घरांनाही सुशी परवडू लागली.

शाकाहारी माणसालाही सुशी वर्ज्य नाही. काकडी घालून गुंडाळलेली कप्पामाकी आहे, गोडसर शिजवलेल्या तोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पिशवीत भात भरलेली इनारी आहे. फक्त ती पिशवी अनेकदा माशाच्या अर्कात, दाशीत, शिजवलेली असते, तेव्हा विचारून घ्यावे. घरी करून पाहायची असेल तर बासमती नको, त्याचा दाणा दाण्याला धरत नाही. जपानी तांदूळ मिळाला नाही, तर आपला चिकट इंद्रायणी बराच जवळ जातो.