लेन कर्टसी (बॉलिंग)

टेनपिन बॉलिंगमध्ये, म्हणजे बॉल घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या खेळात, शेजारशेजारच्या लेनवर (बॉल जातो त्या पट्ट्यांवर) खेळणाऱ्यांनी एकमेकांना आधी टाकू देण्याची रीत, आणि तिच्यासोबत येणारे हातपाय शाबूत ठेवायचे साधे नियम, याला मिळून लेन कर्टसी म्हणतात. लीगमध्ये खेळणारे ही रीत सवयीने पाळतात, हौशी मंडळींना मात्र बहुतेक वेळा ती कोणी सांगितलेलीच नसते. नागपुरात बॉलिंग म्हणजे मुख्यतः मॉलमधल्या गेम झोनचा एक कोपरा, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की एसीत दोन तास काढायला आलेलं पब्लिक, कॉलेजचे ग्रुप, ऑफिसच्या टीम, सुट्टीत मामाकडे आलेली पोरं, हेच इथले खेळाडू. म्हणून या नोंदीत स्पर्धेचे नियम कमी आणि हौशी खेळाचे जास्त आहेत.

लेनच्या अलीकडे, पावलं टाकत बॉल सोडायला जायचा जो भाग असतो तो अ‍ॅप्रोच. मूळ नियम एवढाच की आपण टाकायला निघालो आणि लगतच्या डाव्या किंवा उजव्या लेनवर कोणी आधीच अ‍ॅप्रोचवर चढलेलं असेल तर खालीच थांबायचं, त्याचा बॉल सुटू द्यायचा, मग आपण चढायचं. दोन्ही बाजूंची एकेक लेन बघायची म्हणून ही वन-लेन कर्टसी, काही लीगमध्ये दोन-दोन लेन सोडतात ती टू-लेन. दोघं एकदमच चढले तर उजवीकडचा आधी टाकतो. ज्याला पाळी मिळाली त्याने अ‍ॅप्रोचवर उभं राहून फोटो काढत बसायचं नाही, टाकायचं आणि मागे यायचं, तेही आपल्याच लेनच्या रुंदीत. अति सभ्यपणाही नडतो बरं का, "तुम्ही टाका भाऊ", "नाही नाही, तुम्हीच टाका" करत दोघंही बॉल धरून उभे राहतात आणि मागे सगळे खोळंबतात.

हे उजवीकडचा आधी कुठून आलं यावर बरीच मतं आहेत. एक मत असं की बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे, त्यांचा हात उजव्या बाजूने झुलतो, म्हणून त्या बाजूच्या माणसाची हालचाल जास्त नडते आणि त्याला आधी मोकळं करणं बरं. पण मग डावखुऱ्यांसाठी नियम उलटा हवा होता, तसा तो नाही. दुसरं मत म्हणजे हा रस्त्यावरचाच नियम उचललाय, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या हा. आपल्याकडेही १९८९ च्या रस्ते नियमावलीत हेच होतं, चौकात मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं (सिग्नल बंद पडल्यावर व्हेरायटी चौकात हे कोणी पाळतं का तो वेगळा विषय). तिसरं मत साधं आहे, की बाजू कोणती हे महत्त्वाचंच नाही, सगळ्यांनी एकच बाजू धरली की झालं. प्रस्तुत नोंदीचा कल या तिसऱ्या मताकडे आहे, कारण चौकात चारही बाजूंनी गाड्या आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच आणि सगळेच अडकतात, पण लेन सरळ रांगेत असतात, सर्वात उजवीकडच्याच्या उजवीकडे कोणीच नसतं, त्यामुळे कोणीतरी पहिला सुटतोच आणि गाडं पुढे सरकतं. डावी बाजू ठरवली असती तरी हेच झालं असतं.

रीतीचं वय ठरवायला खेळाच्या वयात शिरावं लागतं आणि तिथे घोळ आहे. इजिप्तमध्ये नकादा इथे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८९५ च्या सुमारास एका मुलाच्या कबरीत दगडी गोळे, पिनांसारखे नऊ तुकडे आणि संगमरवराची छोटी कमान सापडली, कबरीचा काळ साधारण इ.स.पू. ३२०० धरतात आणि बॉलिंगची सुरुवात तिथून सांगायची पद्धत आहे. तुकड्यांची जुळणी मात्र पेट्री यांनी स्वतःच्या अंदाजाने केलेली, ती खेळणी होती एवढं मानायला हरकत नाही, त्यापुढे जाऊन तिला आजच्या खेळाची आजी म्हणणं जरा जास्तच होतं. जर्मन प्रदेशातल्या नऊ पिनांच्या खेळाचं नातं जास्त पटण्यासारखं आहे, तो स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला. पुढची गोष्ट सगळ्यांना आवडते ती अशी की कनेक्टिकट राज्याने १८४१ मध्ये जुगारामुळे नऊ पिनांवर बंदी घातली आणि लोकांनी दहावी पिन लावून कायद्याला चकवलं. पण दहा पिनांच्या खेळाचे उल्लेख त्याच्या आधीचेही मिळतात, त्यामुळे बंदीने खेळ पसरायला मदत केली असेल, जन्म दिला असं म्हणवत नाही. आपल्या विषयाला खरी महत्त्वाची तारीख ९ सप्टेंबर १८९५. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बॉलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि मापं व नियम एकसारखे व्हायला लागले. शेजारी लेन, सामाईक अ‍ॅप्रोच आणि लेनच्या जोडीवर आळीपाळीने खेळणारे संघ, ही परिस्थिती पक्की झाल्यावरच वाट द्यायची गरज पडते, म्हणून कर्टसीची रीत बहुधा त्याच सुमाराला किंवा थोडी नंतर रुजली असावी.

दुसरी महत्त्वाची रीत, पिना उभ्या करणाऱ्या मशीनचं काम संपेपर्यंत बॉल न टाकणं, ही कर्टसीपेक्षा सुरक्षिततेची आहे आणि तिची मुळं जास्त दुःखद आहेत. मशीन येण्याआधी पडलेल्या पिना उचलून उभ्या करायला लेनच्या टोकाला पोरं बसवायचे, त्यांना पिनबॉय म्हणत. अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन यांनी १९१० मध्ये ब्रुकलिनमध्ये रात्री एक वाजता काम करणाऱ्या अशा मुलांचे फोटो काढलेत. समोर पोरगं वाकलेलं असताना सात किलोचा गोळा सोडला तर काय होईल हे सांगायला नको. गॉटफ्रीड श्मिट यांचं स्वयंचलित पिनसेटर, म्हणजे पिना आपोआप उभ्या करणारं मशीन, १९४६ मध्ये बफेलोच्या स्पर्धेत लोकांसमोर आलं, १९५० च्या दशकात ते सगळीकडे गेलं आणि पिनबॉय संपले. थांबायचा नियम राहिला, कारण आता समोर स्वीप असतो, म्हणजे पडलेल्या पिना झाडून नेणारी आडवी पट्टी. ती खाली असताना बॉल गेला की धडकतो, मशीन अडकतं, मग स्टाफचा माणूस मागे जाणार, तोवर सगळी लेन बंद, आणि तासाच्या हिशेबाने पैसे भरले असतील तर घड्याळ चालूच. अलीकडे बऱ्याच छोट्या ठिकाणी दोरीवाली मशीन असतात, पिना वरून दोरीला बांधलेल्या. युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसने (आजची अमेरिकेतली नियामक संस्था) २०२३ मध्ये या प्रकाराला वेगळा वर्ग म्हणून मान्यता दिली. त्यातही घाईने टाकलेला बॉल दोऱ्यांचा गुंता करतो. पिन वेडीवाकडी राहिली किंवा बॉल गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हळीत, अडकला तर स्टाफला हाक मारायची, स्वतः लेनवर चालत जायचं नाही.

चालत का जायचं नाही त्याचं कारण तेल. फाउल लाइनपासून, म्हणजे लेन जिथे सुरू होते त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, आणि त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर खनिज तेलाचा पातळ थर दिलेला असतो, लेनची झीज कमी व्हावी आणि बॉल घसरत जावा म्हणून. दिसत नाही पण पाय ठेवला की कळतं. शिवाय ते बुटाच्या तळाला लागून अ‍ॅप्रोचवर येतं आणि पुढचा माणूस नको तिथे घसरतो. फाउल लाइन म्हणूनच आहे. नियमात अंगाचा कुठलाही भाग लाइनवर किंवा तिच्या पलीकडे टेकला तर त्या बॉलच्या पिना मोजत नाहीत. गेम झोनमध्ये लाइन ओलांडल्यावर वाजणारा बझर बहुतेक बंदच ठेवतात त्यामुळे लोकांना वाटतं लाइन शोभेची आहे.

बूट हा दुसरा नाजूक भाग. बॉलिंगच्या बुटाचा तळ मुद्दाम घसरणारा असतो, शेवटच्या पावलाला पाय सरकावा म्हणून, आणि त्याला ओल अजिबात चालत नाही. पाण्याचा एक थेंब लागला तरी पाय जागीच चिकटतो आणि अंगाचा जोर पुढे, माणूस तोंडावर. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये छत्र्या टपकत आत येतात, कोल्ड्रिंकचे ग्लास सांडतात, टॉयलेटला तेच बूट घालून जातात, त्यामुळे अ‍ॅप्रोचच्या आधीच्या पायरीपर्यंत खाणंपिणं आणू नये हा नियम इथे उगाच कडक नाही.

बॉल जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलो. गेम झोनमध्ये ६ पासून पुढचे ठेवतात. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका घ्यावा असं सांगतात, पण मित्रांसमोर हलका घ्यायला लाजून जड उचलणारे आणि दुसऱ्या दिवशी मनगट धरून बसणारे बरेच. भोकात बोटं सैल बसली तर बॉल मागेच सुटतो, घट्ट बसली तर हातातून निघतच नाही, म्हणून उचलून बघूनच निवडायचा. परत आलेला बॉल घेताना दोन्ही हात बाजूने लावायचे आणि बाहेर येणाऱ्या बॉलकडे तोंड करून उभं राहायचं, कारण दोन बॉलच्या मध्ये बोटं गेली की वरून येणारा तिसरा त्यांना दाबतो. गेम झोनमध्ये सगळ्यात जास्त ओरडा तिथेच ऐकू येतो: "अबे, हात काढ ना, बॉल येऊन राहिला!" वरून आदळून टाकणं, म्हणजे लॉफ्ट करणं, टाळावं, त्याने लेनला खळगे पडतात आणि उसळलेला बॉल शेजारच्या लेनवर जातो.

लहान मुलांसाठी गटरवर बंपर, म्हणजे बॉल आत पडू न देणारे कठडे, लावून मिळतात आणि बॉल घसरवायला उतरती घोडी मिळते, दोन्ही मागून घ्यावीत. मात्र मूल टाकत असताना बाबांनी व्हिडिओसाठी शेजारच्या अ‍ॅप्रोचवर उभं राहू नये, आणि काकू-मावश्यांनी पाळीच्या आधी मुलाच्या मागे उभं राहू नये, कारण हात मागे झुलतो तेव्हा बॉल त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर असतो. तर्री पोहा किंवा सावजी खाऊन थेट आलेल्यांनी बोटं पुसून भोकात घालावीत, नाहीतर मागचा खेळाडू तेलकट बॉल घेऊन उभा राहतो. रॅकशेजारी टॉवेल ठेवलेला असतोच, नसला तर काउंटरवर मागावा.